एकोणतिसाव्या वर्षी थांबलेला कर्णधार



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे इथं बोलायला यायचं ठरलं तेव्हा विषय शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. कर्णधार या विषयावर बोलायचं हे नक्की होतं. पण कोणता कर्णधार? क्रिकेटच्या कर्णधारांवर आपण रोज बोलतो, वर्तमानपत्रात वाचतो, चहाच्या टपरीवर भांडतो. आज मी तुम्हाला एका वेगळ्या देशात, वेगळ्या खेळात घेऊन जाणार आहे. देश वेल्स, खेळ रग्बी युनियन आणि खेळाडू सॅम वॉरबर्टन.

आपल्याकडे हा खेळ अगदीच अनोळखी नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्याच्या चिखलात रग्बी रंगते, ते तुमच्यापैकी काहींनी फोर्ट भागातून जाता-येता पाहिलंही असेल. पण ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, तो फक्त मागं किंवा बाजूला फेकता येतो, पुढं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडं जाऊन तो जमिनीला टेकवला की ‘ट्राय’. अडवणाऱ्यानं मिठी मारून पाडायचं, त्याला म्हणायचं टॅकल. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोपरारक्षक पायाशी पकडतो ना, तीच पकड भर वेगात धावणाऱ्या शंभर किलोंच्या माणसावर टाकायची, एवढं डोळ्यांसमोर आणलंत तरी आजच्यापुरतं पुरेसं आहे.

आज मी मुख्यतः दोन गोष्टींवर बोलणार आहे. एक, वॉरबर्टनला २०११ साली मिळालेलं लाल कार्ड. आणि दुसरी, त्याचं शरीर. या दोन्हींच्या मधे एक मोठी कारकीर्द आहे. तिच्यातलं काही सांगेन, बरंचसं गाळेन.

आधी वेल्सबद्दल थोडं. लोकसंख्या सुमारे एकतीस लाख, आपल्या एकट्या पुणे शहरातही आज याहून जास्त माणसं राहतात. एका बाजूला इंग्लंडसारखा बलाढ्य शेजारी, बाकीच्या बाजूंना समुद्र. दक्षिणेकडच्या खोऱ्यांमध्ये कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि त्या खाणकामगारांच्या वस्त्यांमध्ये रग्बी रुजली. इंग्लंडमध्ये हा खेळ बराच काळ बड्या घरच्या मुलांच्या शाळांचा होता. वेल्समध्ये तो खाणीतून वर आलेल्या माणसाचा, गावच्या शिक्षकाचा, कारखान्यातल्या फिटरचा झाला. कार्डिफचं राष्ट्रीय स्टेडियम शहराबाहेर कुठं माळावर नाही. ते टॅफ नदीच्या काठी, शहराच्या ऐन मध्यात आहे. साधारण चौऱ्याहत्तर हजार माणसं तिथं बसतात. सामन्याच्या दिवशी त्या भागातले रस्ते वाहनांना बंद होतात आणि अख्खं शहर लाल होतं.

आणि हे सगळं कित्येक दशकं बिनपैशाचं होतं! रग्बी युनियन हा १९९५ पर्यंत हौशी खेळ होता. खेळाडूनं आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी देशासाठी खेळायचं. पैसे हवे असतील तर उत्तर इंग्लंडमध्ये जाऊन रग्बी लीग नावाचा भावंड-खेळ खेळायचा. जोनाथन डेव्हिससारखा मोहरा १९८९ मध्ये असाच विडनेसच्या रग्बी लीग संघाकडं निघून गेला, आणि वेल्सला तो घाव फार लागला. मग ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय मंडळानं खेळ व्यावसायिक करून टाकला.

या आधीच्या काळातला एक माणूस लक्षात ठेवा, मला पुढं त्याची गरज लागणार आहे. बॅरी जॉन. १९७१ मध्ये इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या एकत्रित लायन्स संघानं न्यूझीलंडमध्ये जाऊन कसोटी मालिका जिंकली, तिचा तो नायक. तिथून तो परतला तो ‘किंग’ ही पदवी घेऊनच. एका बँकेच्या कार्यक्रमात एका तरुणीनं राणीपुढं वाकावं तसं त्याच्यापुढं वाकून त्याला अभिवादन केलं. तो हादरला. लोक आपल्याला माणूस मानत नाहीत, दुसरंच काहीतरी मानतात, असं त्याला वाटलं आणि १९७२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो खेळ सोडून घरी बसला. प्रसिद्धी सोसली नाही म्हणून गेला. आपला आजचा नायकही तरुण वयातच गेला, पण त्याचं कारण वेगळं आहे, आणि माझ्या मते ते जास्त काळजीचं आहे.

सॅम वॉरबर्टनचा जन्म ५ ऑक्टोबर १९८८ चा, कार्डिफचा. शाळा व्हिटचर्च हायस्कूल, कार्डिफच्या उत्तर भागातली साधी सरकारी शाळा. या शाळेचं नाव क्रीडाशिक्षकांच्या सभेत मुद्दाम घ्यायला हवं. कारण वॉरबर्टनच्याच वर्षात फुटबॉलपटू गॅरेथ बेल होता, जो पुढं रेआल माद्रिदकडून खेळला. आणि त्यांच्याहून थोडा मोठा गेरेंट थॉमस, सायकलपटू. तिथले शिक्षक बेलला शाळेतल्या फुटबॉलमध्ये डावा पाय वापरू देत नसत आणि चेंडूला एकदाच स्पर्श करण्याची मुभा देत, कारण एरवी बाकीच्या मुलांना खेळताच आलं नसतं. एका साध्या शाळेच्या मैदानातून तीन मुलं निघाली, तीन वेगवेगळ्या खेळांत गेली आणि तिन्ही शिखरावर पोचली. या शाळेकडं आपण पुन्हा एकदा वळणार आहोत.

वॉरबर्टन वेल्सच्या कुमार संघांचा कर्णधार होता. कार्डिफ ब्लूज या व्यावसायिक संघाकडून तो खेळू लागला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. जून २००९ मध्ये अमेरिकेविरुद्ध शिकागोजवळ त्यानं देशाकडून पहिला सामना खेळला. पाठीवर सात नंबर असायचा, म्हणजे ओपनसाइड फ्लँकर.

या सात नंबरचं काम नीट समजून घेऊ या. ते समजलं नाही, तर या माणसाचं पुढचं आयुष्य कळणार नाही.

चेंडू घेऊन पळणारा पाडला गेला. नियम असा की पडलेल्यानं चेंडू सोडायला हवा. त्या क्षणी तिथं जो सर्वात आधी पोचेल आणि स्वतःच्या पायावर उभा राहील, त्याला तो चेंडू उचलता येतो. सात नंबर तिथं पोचतो. पाय फाकवतो, कमरेत वाकतो, दोन्ही हात चेंडूवर घट्ट रोवतो. डोकं खाली, मान पुढं, पाठ आडवी. आता प्रतिस्पर्धी काय करणार? त्याला तिथून हटवायचं आहे. मग शंभर-एकशेदहा किलोंचा एक जण पळत येऊन खांद्यानं त्याच्यावर आदळतो. पाठोपाठ दुसरा. आणि सात नंबरनं काय करायचं? हलायचं नाही. दोन सेकंद, तीन सेकंद, रेफ्रीची शिट्टी वाजेपर्यंत तो मारा मानेवर, खांद्यांवर, पाठीच्या कण्यावर घ्यायचा. शिट्टी वाजली की पेनल्टी आपल्या संघाला. लोक टाळ्या वाजवतात. तो उठतो, पळतो, पुढच्या ठिकाणी पोचतो आणि पुन्हा वाकतो. एका सामन्यात असं अनेकदा. एका हंगामात किती वेळा? एका कारकिर्दीत किती वेळा? या कामात वॉरबर्टन त्याच्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. म्हणजेच तो मार त्यानं सर्वात जास्त खाल्ला.

२०११ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला. नेहमीचा कर्णधार मॅथ्यू रीस मानेच्याच दुखण्यानं बाहेर गेला, आणि प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांनी बावीस वर्षांच्या वॉरबर्टनकडं संघ सोपवला. मुळात हा मुलगा बुजरा, कमी बोलणारा. पण संघ असा खेळला की बघत राहावं. दक्षिण आफ्रिकेकडून फक्त एका गुणानं हार, १७-१६. उपांत्यपूर्व फेरीत आयर्लंडवर २२-१० असा विजय. वेल्स चोवीस वर्षांनी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत.

१५ ऑक्टोबर २०११. ऑकलंडचं ईडन पार्क. समोर फ्रान्स. वेल्समध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि कार्डिफच्या त्या स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक माणसं जमली होती. कशाला? मैदान रिकामं होतं! मोठ्या पडद्यावर सामना बघायला. जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या सामन्यासाठी भल्या सकाळी साठ हजार माणसं रिकाम्या हिरवळीभोवती येऊन बसली, यावरून या देशाचं त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते कळेल.

सामना सुरू होऊन जेमतेम अठरा मिनिटं झाली होती. फ्रान्सच्या व्हँसाँ क्लेर्कनं चेंडू घेतला आणि वॉरबर्टननं त्याला टॅकल केलं. टॅकल जबरदस्त होतं, फारच जबरदस्त. क्लेर्क अंगानं हलका. तो उचलला गेला, त्याचे पाय कमरेच्या वर गेले, अंग उलटं झालं आणि वॉरबर्टनच्या हातून सुटून तो खांद्यावर-मानेवर आपटला. आयरिश रेफ्री आलँ रोलँ यांनी थेट खिशात हात घातला. लाल कार्ड. कर्णधार मैदानाबाहेर, आणि उरलेला तासभर वेल्स चौदा जणांनी खेळणार.

वॉरबर्टननं काय केलं? हात पसरले नाहीत. रेफ्रीकडं धावला नाही. ओरडला नाही. मान खाली घालून चालत गेला आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. पुढं टीव्हीवर अधूनमधून तो दिसत राहिला, अंगावर कोट, चेहरा दगडासारखा.

चौदा जणांचा तो संघ कसा लढला ते काय सांगू! माइक फिलिप्सनं ट्राय केली. स्टीफन जोन्सची पुढची किक खांबाला लागून बाहेर गेली. शेवटच्या पाच-सहा मिनिटांत जवळपास मध्यरेषेवरून ली हाफपेनीनं पेनल्टी मारली. चेंडू सरळ गेला, बरोबर दोन खांबांच्या मधोमध गेला, आणि आडव्या दांडीच्या किंचित खालून गेला. फ्रान्स ९, वेल्स ८. फ्रान्सनं पूर्ण सामन्यात एकही ट्राय केली नव्हती.

आता विचार करा. एका गुणानं हार. कर्णधार नसताना. वेल्समध्ये संताप उसळला. रेफ्रीचं आडनाव फ्रेंच, वडील फ्रेंच, हेही लोकांनी उकरून काढलं. गॅटलंड तर नंतर म्हणाले की त्या सामन्यात एखाद्या खेळाडूला दुखापतीचं सोंग घ्यायला लावून स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात ती, झुंजच बंद पाडावी, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. पण ते योग्य नाही म्हणून त्यांनी तो मोडून काढला. पोळलेल्या माणसाच्या डोक्यात असे विचार येतात, आणि त्यांनी ते उघड सांगितलं याबद्दल मला आदर वाटतो.

अशा वेळी कर्णधारानं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ‘आमच्यावर अन्याय झाला.’ एवढंच. अख्खा देश त्याच्या मागं उभा राहिला असता, आणि तो कायमचा हुतात्मा झाला असता.

तो तसं बोलला नाही. शिस्तपालन समितीपुढं त्यानं आपली चूक कबूल केली, तीन आठवड्यांची बंदी घेतली. आणि नंतर जाहीरपणे सांगितलं की रेफ्रीचा निर्णय बरोबर होता. हेतू वाईट नव्हता, हे खरं. पण उचललेल्या माणसाला असं खाली सोडणं धोकादायक आहे आणि नियमाप्रमाणं त्याला लाल कार्डच आहे. आंतरराष्ट्रीय मंडळानं २००९ मध्येच रेफ्रींना सांगून ठेवलं होतं की अशा प्रसंगी विचाराची सुरुवात लाल कार्डापासून करा. वॉरबर्टनला ते ठाऊक होतं. त्यानं ते मान्य केलं.

श्रोतेहो, बावीस-तेवीस वर्षांचं पोर! आपल्या घरातल्या या वयाच्या मुलाला परीक्षेत दोन गुण कमी पडले, तर पेपर तपासणाऱ्याला आपण किती बोल लावतो? मी बऱ्याच खेळांतले बरेच कर्णधार पाहिले, वाचले. जिंकताना नम्र राहणारे पुष्कळ आहेत. पण स्वतःच्या आयुष्यातला सर्वात मोठा सामना ज्या माणसाच्या निर्णयानं हातातून गेला, त्या माणसाची बाजू जाहीरपणे घेणारे फार थोडे. माझ्या मते वॉरबर्टनचं कर्णधारपद खऱ्या अर्थानं तिथं सुरू झालं. त्याच्या आधी तो संघात चांगला खेळतो म्हणून कर्णधार होता. त्यानंतर त्याचा शब्द रेफ्री ऐकू लागले, आणि याचा हिशेब सहा वर्षांनी चुकता झाला. तिकडे येतोच.

पुढच्या यशाबद्दल भरभर सांगतो. २०१२ च्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत वेल्सनं पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम केला. त्यातला ट्विकनहॅमचा इंग्लंडविरुद्धचा सामना मिळाला तर जरूर बघा. मनू टुइलागी नावाचा बुलंद ताकदीचा इंग्लिश खेळाडू रेषेच्या अगदी जवळ पोचला होता, आणि वॉरबर्टननं जमिनीसरसा सूर मारून त्याचे घोटे धरले. एका टॅकलनं सामना वाचला, वेल्स १९-१२ नं जिंकलं. २०१३ मध्ये कार्डिफमध्ये इंग्लंडचा ३०-३ असा फडशा पडला. त्या दिवशी तो कर्णधार नव्हता, आणि सात नंबरची आपली जागाही त्यानं जस्टिन टिपुरिकसाठी सोडली होती. स्वतः सहा नंबर घालून खेळला आणि अफाट खेळला. २०१५ च्या विश्वचषकात त्याच्या संघानं यजमान इंग्लंडला त्यांच्याच घरी २८-२५ असं हरवलं. ते यजमानांना गटातूनच बाहेर काढण्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल ठरलं.

आणि लायन्स. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड या चौघांचा मिळून दर चार वर्षांनी एक संघ बनतो आणि दक्षिण गोलार्धाच्या दौऱ्यावर जातो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी वॉरबर्टनला कर्णधार केलं. वय चोवीस, लायन्सच्या इतिहासातला सर्वात तरुण कर्णधार. पहिली कसोटी जिंकली. दुसऱ्या कसोटीत तो झंझावातासारखा खेळला, आणि मांडीमागचा स्नायू फाटून बाहेर गेला. ती कसोटी एका गुणानं गेली. तिसरीत संघाचं नेतृत्व त्याच्याच देशाच्या आलन विन जोन्सनं केलं आणि सिडनीत ४१-१६ असा दणदणीत विजय मिळवला. चषक दोघांनी मिळून उचलला. एकाच्या अंगावर सामन्यातली जर्सी, दुसऱ्याच्या अंगावर स्वच्छ सूट.

इथं मला तुमचं लक्ष एका गोष्टीकडं वेधायचं आहे. मी आत्ता यशाची यादी सांगत होतो, आणि त्यात दुखापत न सांगता मला पुढं जाताच येईना. २०१२ चा ग्रँड स्लॅमचा निर्णायक सामना फ्रान्सशी होता. मध्यंतराला वॉरबर्टन खांद्याच्या दुखापतीनं बाहेर. २०१३ च्या निर्णायक कसोटीत तो बाहेर. खांदा, गुडघा, मांडी, जबडा, मान, डोक्याला बसलेले मार. त्याची कारकीर्द वाचताना वाटतं की खेळाडूचं चरित्र वाचतो आहोत की इस्पितळाचे कागद?

आणि हे एकट्याचं दुर्दैव नव्हतं. व्यावसायिक झाल्यावर खेळात काय बदललं? पैसा आला, चांगलंच झालं. खाणीतली पाळी संपवून मैदानावर येणारा खेळाडू आता दिवसभर व्यायामशाळेत असतो. तो अधिक वजनदार झाला, अधिक वेगवान झाला. पण माणसाची मान? मेंदू? गुडघ्याची गादी? ते तेच राहिले. दोन धडधाकट शरीरं पूर्वीपेक्षा जास्त वजनानं, जास्त वेगानं आदळतात आणि मधली हाडं-मज्जा मात्र आजोबांच्या काळातलीच आहेत.

त्यात वेल्सची तर आर्थिक ओढाताण. २००३ मध्ये जुने, शंभर-शंभर वर्षांचे क्लब एकत्र करून पाच प्रादेशिक व्यावसायिक संघ केले, त्यातला एक वर्षभरातच बंद पडला, चार उरले. फ्रान्सचे, इंग्लंडचे श्रीमंत क्लब खेळाडू पळवू लागले. प्रादेशिक संघ म्हणतात खेळाडू आमचा, राष्ट्रीय संघटना म्हणते आमचा. या ओढाताणीत जानेवारी २०१४ मध्ये वॉरबर्टन राष्ट्रीय संघटनेशी थेट करार करणारा पहिला खेळाडू ठरला. मोठी बातमी झाली, दोन्ही बाजूंनी वाद घातले. पगार कुणी द्यायचा, मालकी कुणाची, यावर तासन्‌तास चर्चा. त्यानं वर्षात किती सामने खेळावेत आणि किती दिवस विश्रांती घ्यावी, यावर तेवढी चर्चा झाली नाही.

२०१७ सुरू झालं तेव्हा वेल्सचं कर्णधारपद आलन विन जोन्सकडं गेलं. वॉरबर्टन साधा खेळाडू म्हणून मोकळेपणानं खेळला. पण त्याच उन्हाळ्यात लायन्सनं पुन्हा त्यालाच बोलावलं. न्यूझीलंडचा दौरा, जगातला सर्वात अवघड. दोन दौऱ्यांवर लायन्सचं कर्णधारपद भूषवणारा त्याच्याआधी एकच, इंग्लंडचा मार्टिन जॉन्सन.

पहिली कसोटी हरले. वॉरबर्टन तेव्हा राखीव होता. दुसऱ्या कसोटीत, वेलिंग्टनला, न्यूझीलंडच्या सनी बिल विल्यम्सनं खांद्यानं अँथनी वॉटसनच्या डोक्यावर मारलं आणि त्याला लाल कार्ड मिळालं. आता चौदा जण समोर होते, आणि लायन्स २४-२१ नं जिंकले. तिसरी कसोटी पुन्हा ऑकलंडला, ईडन पार्कला. सहा वर्षांपूर्वी जिथून वॉरबर्टन मान खाली घालून चालत बाहेर गेला होता, तेच मैदान. न्यूझीलंड तिथं १९९४ पासून हरलेला नव्हता.

सामना १५-१५. दोनेक मिनिटं उरलेली. उंच आलेला चेंडू उडी मारून झेलताना लायन्सच्या लियाम विल्यम्सच्या हातून तो पुढं उडाला आणि चेंडूच्या पुढं, म्हणजे ऑफसाइड असलेल्या केन ओवेन्सच्या हातात पडला. ओवेन्सनं तो चटका बसल्यासारखा टाकला, पण उशीर झाला होता. फ्रेंच रेफ्री रोमँ प्वात यांनी पेनल्टी दिली. तिथून किक म्हणजे जवळपास नक्की तीन गुण. मालिका गेली.

वॉरबर्टन पुढं झाला. आवाज न चढवता त्यानं विनंती केली, हवेतली झुंज एकदा पडद्यावर बघता का? रेफ्रींनी पाहिलं, सहकाऱ्यांशी बोलले, आणि निर्णय बदलला. जाणूनबुजून नव्हे, अपघातानं ऑफसाइड. पेनल्टीऐवजी स्क्रम. सामना बरोबरीत सुटला, मालिका बरोबरीत सुटली. न्यूझीलंडचा कर्णधार कीरन रीड आणि वॉरबर्टन यांनी चषक दोघांनी मिळून धरला. तो निर्णय बरोबर होता का? न्यूझीलंडचे लोक आजही नाही म्हणतात, आणि नियमांचे अनेक जाणकार त्यांच्या बाजूनं आहेत. मलाही ती पेनल्टीच वाटते. पण रेफ्रीनं त्या क्षणी त्या माणसाचं ऐकून का घेतलं, हा माझा प्रश्न आहे. ज्यानं २०११ मध्ये रेफ्रीला दोष दिला नाही, तो आज बोलतोय तर त्याच्या म्हणण्यात तथ्य असेल, असं मैदानावरच्या प्रत्येकाला वाटत होतं. ती पत त्यानं सहा वर्षांत कमावली होती.

८ जुलै २०१७ चा तो सामना. कुणालाच माहीत नव्हतं, पण सॅम वॉरबर्टनचा तो शेवटचा सामना होता.

त्यानंतर मानेची शस्त्रक्रिया झाली, मग गुडघ्याची. पूर्ण हंगाम गेला. २०१८ च्या उन्हाळ्यात तो सरावाला परत आला, शरीराला विचारून पाहिलं, आणि शरीरानं नाही म्हटलं. १८ जुलै २०१८ ला त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय एकोणतीस. वेल्ससाठी ७४ सामने, त्यातल्या ४९ मध्ये कर्णधार, तोवरचा वेल्सचा विक्रम. लायन्ससाठी ५ कसोट्या.

आता पुन्हा त्या शाळेकडं वळू. मे २०१८ च्या अखेरीस गॅरेथ बेलनं कीव्हमध्ये फुटबॉलच्या चँपियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उलटी उडी मारून तो गाजलेला गोल केला. २९ जुलैला गेरेंट थॉमस पॅरिसमध्ये टूर द फ्रान्स जिंकून पिवळ्या जर्सीत उभा राहिला. आणि त्याच्या अकरा दिवस आधी त्यांचा शाळासोबती निवृत्त झाला. तिघांपैकी थॉमस वयानं सर्वात मोठा, तो बत्तिसाव्या वर्षी शिखरावर. वॉरबर्टन त्याहून लहान, आणि संपलेला. एका शाळेतली, एकाच मातीतली, सारख्याच जिद्दीची ही मुलं. फरक कशाचा? त्यांनी निवडलेल्या खेळाचा, आणि तो खेळ शरीराकडून काय वसूल करतो याचा.

काही जण म्हणाले, सहानुभूतीनंच म्हणाले, की कारकीर्द अपुरी राहिली. मला हे मान्य नाही. मी तर म्हणतो की त्याचा निवृत्तीचा निर्णय हा त्याच्या लाल कार्डाच्या वागणुकीचाच पुढचा भाग आहे. तिथं त्यानं रेफ्रीचा निर्णय मानला, इथं शरीराचा मानला. समोर करार होता, पैसा होता, पुढचा विश्वचषक वर्षभरावर होता. इंजेक्शनं घेऊन अजून दोन हंगाम रेटता आले असते. रेटणारे पुष्कळ असतात, त्यांना आपण लढवय्ये म्हणतो, टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या आपण जपून वाजवायला हव्यात.

हे मी का म्हणतो? अॅलिक्स पोफम आठवतो का कुणाला? वेल्सचाच खेळाडू. डिसेंबर २०२० मध्ये त्यानं जाहीर केलं की चाळिसाव्या वर्षी आपल्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. त्यानंतर २०२२ मध्ये रायन जोन्स. वेल्सचा माजी कर्णधार, ग्रँड स्लॅम जिंकलेल्या संघांतला दिग्गज, वॉरबर्टनचा सहकारी. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यानं सांगितलं की आपल्यालाही हेच झालं आहे. या वयात माणसाच्या डोळ्यांसमोर मुलांची शाळा असते, घराचं कर्ज असतं, पुढची तीस वर्षं असतात. असे कितीतरी माजी खेळाडू एकत्र येऊन खेळाच्या संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. संघटनांनी आमच्या डोक्याची काळजी घेतली नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. निकाल न्यायालय देईल. पण डोक्याला वारंवार बसणारे मार पुढं जाऊन मेंदूचं नुकसान करू शकतात, हे आता कुणी नाकारत नाही.

वॉरबर्टन निवृत्तीनंतर गप्प बसला नाही. २०१९ च्या आपल्या आत्मचरित्रात त्यानं सरळ इशारा दिला, की खेळात बदल केले नाहीत तर एखाद्या दिवशी एखादा व्यावसायिक खेळाडू सामन्यातच जीव गमावेल. पुढं त्यानं राखीव खेळाडूंची संख्या कमी करा असा आग्रह धरला. त्याचं म्हणणं साधं आहे. आज आठ राखीव असतात. थकलेल्या माणसांवर शेवटच्या वीस मिनिटांत ताजेतवाने, दांडगे खेळाडू सोडले जातात आणि मग टक्कर विषम होते. सगळे थकले तर वेग कमी होईल, मोकळी जागा मिळेल, आणि शक्तीपेक्षा कौशल्याला भाव येईल. खेळाचा वेडा माणूस हे बोलतोय, खेळाचा शत्रू नाही. ज्यानं तीन-तीन सेकंद मानेवर तो मार घेतला आहे, तो बोलतोय. त्याचं ऐकायला हवं.

बॅरी जॉनला लोकांच्या प्रेमानं घरी पाठवलं, वॉरबर्टनला खेळानं. पहिल्या प्रकाराला इलाज नाही, लोक प्रेम करणारच. दुसऱ्याला आहे. नियम माणसांनी केलेले आहेत, माणसं ते बदलू शकतात. टॅकलची उंची खाली आणणं, डोक्याला धक्का लागला की खेळाडूला बाहेर काढून तपासणं, सरावातल्या टकरी मोजून कमी करणं, हे सगळं गेल्या काही वर्षांत थोडं थोडं सुरू झालं आहे. माझ्या मते ते फार सावकाश चाललं आहे.

शेवटी या सभागृहातल्या क्रीडाशिक्षकांना, कबड्डीच्या आणि कुस्तीच्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. रग्बीत शाळकरी मुलांसाठी आज एक नियम आहे, तो आपण आपल्या मैदानावर उद्यापासून लागू करू शकतो, त्याला पैसा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. खेळताना मुलाच्या डोक्याला मार बसला, त्याला गरगरलं, तो भांबावला, उलटी झाली, क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नका. सामना कितीही महत्त्वाचा असो, तो स्वतः ‘सर, मी ठीक आहे’ म्हणून कितीही हट्ट करो, त्याला बाहेर बसवा, एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सरावालाही घेऊ नका.